बंद घरातील एक इसम

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या गाडीने येथे पोचलो. मन प्रसन्न आहे, हे प्रथम नोंदवून ठेवतो. कंपनी बंद पडल्यापासून असे वाक्य लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस घरी बसला की घरच्यांचे हिशेब तपासू लागतो. किराण्याच्या यादीवर मी लाल खुणा करू लागलो, तेव्हा माझ्या पत्नीने हात जोडून सांगितले की अहो, कुठे तरी नोकरी शोधा, नाही तर मी शोधते. त्यातून ही नेमणूक झाली.

काम मनासारखे आहे. येथील गिरणी बंद पडून बराच काळ लोटला. तरुण बाहेर गेले, घरांना कुलपे लागली. माणसे गेली की त्यांच्या जागी काय येते, याचा एक संस्था अभ्यास करीत आहे. त्यासाठी दोन गणना समांतर चालणार: एक माणसांची, दुसरी पशुपक्ष्यांची. माणसांच्या गणनेची पडताळणी माझ्याकडे. मागील जनगणनेचा आकडा घ्यायचा, त्यात जन्मलेले आणि बाहेरून आलेले मिळवायचे, वारलेले आणि गाव सोडून गेलेले वजा करायचे, आणि उरेल तो आकडा या वेळी घरोघर मोजलेल्या माणसांशी जुळवायचा. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला याहून निर्मळ काम कोणते?

राहण्याची सोय गल्लीतील पहिल्या घरात, वरच्या मजल्यावर झाली आहे. खोली स्वच्छ, टेबल न डगमगणारे, खिडकी पूर्वेला. खिडकीवरच्या वळचणीत चिमण्यांची घरटी आहेत. कलकलाट पुष्कळ, परंतु सहन करण्याजोगा. घरमालकीणबाई एकट्याच असतात आणि बोलक्या आहेत. उंबरठ्यावरच त्यांनी मला भाऊ करून टाकले आणि सांगितले की भाऊ, चहा दोनदा मिळेल, तिसऱ्यांदा मागितलात तर माझ्या सुनेसारखी मी पण माहेरी जाईन.

सायंकाळी प्रभाग कार्यालयात जाऊन 'नव्याने आलेले' या सदरात मी स्वतःची नोंद करून घेतली. तेथील कारकून म्हणाला की एवढी काय घाई होती, लोक वर्षवर्ष इकडे फिरकत नाहीत. मी म्हणालो, लोकांचे मला ठाऊक नाही.

हिला फोन केला. हिने एकच विचारले: पेनाला टोपण लावता ना? माझ्या शाईच्या पेनाचे टोपण उघडे राहते आणि प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर निळा डाग पडतो, ही आमच्या संसारातील एकमेव न मिटलेली बाब. लग्नापासून टोपण तीच लावीत आली आहे. येता-जाता, माझ्याकडे न पाहता, बोलणे न थांबवता लावते. पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यालय म्हणजे जुन्या वाचनालयाचा वरचा मजला. खाली निसर्गसंग्रहालय आहे. तेथे पेंढा भरलेला कोल्हा, काचेखाली टाचलेली फुलपाखरे, आणि त्या सर्वांवर राज्य करणाऱ्या एक बाई. गाव त्यांना पक्षीबाई म्हणते. पशुपक्ष्यांची गणना त्यांच्याकडे. खांद्याला दुर्बीण, तोंडाला विश्रांती नाही. मला पाहताच म्हणाल्या की या आकडेसाहेब, तुमची माणसे माझ्या चिमण्यांपेक्षा खरे बोलतात का ते तरी आता कळेल.

त्यांची पद्धत मात्र नेटकी आहे. चिमणी माणसावाचून राहत नाही. घराला कुलूप लागले की ती मुक्काम हलवते. गव्हाणी घुबडाचे याच्या उलट. माणूस उठून जाण्याची ते वाटच पाहत असते. घुबड उंदीर सगळाच गिळते आणि हाडे-केसांची गोळी करून ओकून टाकते. बाई त्या गोळ्या भिजवून चिमट्याने सोडवतात. आत घरउंदराची हाडे निघाली तर आसपास चूल पेटते आहे, रानउंदराची निघाली तर नाही. असा पुरावा कोणी मान्य करणार नाही, असे मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या की उंदराने खोटी साक्ष दिल्याचे अजून तरी ऐकले नाही.

घरोघर मोजणी करणारे गृहस्थ शाळामास्तर आहेत. वयाच्या रकान्यात ते 'बरीच म्हातारी' असे लिहितात. मी हरकत घेतली तर म्हणाले, साहेब, तुम्ही येऊन पाहा, खरोखरच बरीच आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांचे काम पाहण्यासाठी आज त्यांच्याबरोबर आमच्या गल्लीत फिरलो. पहिले घर घरमालकीणबाईंचे. त्यांची माहिती लिहून झाल्यावर मास्तरांनी माझ्याकडे पेन्सिल रोखून विचारले की आता तुमचे बोला. मी त्यांना तत्त्व समजावून सांगितले. तपासनीस ज्या खात्याची तपासणी करतो त्या खात्यात तो स्वतः नसतो. असला तर तिला तपासणी म्हणता येत नाही. मास्तर गोंधळून म्हणाले, म्हणजे तुम्ही इथे राहता की नाही? घरमालकीणबाई म्हणाल्या, लिहा हो मास्तर, चहा तर पितात! मी मास्तरांना पुढे चालण्यास सांगितले. प्रत्येक साध्या गोष्टीवर चर्चा करण्याची येथील सवय मला मानवत नाही.

गल्लीचे शेवटचे घर अनेक वर्षे बंद आहे. कुलूप गंजून दाराचाच भाग झाले आहे. माळ्यावर घुबडांचे जोडपे असते. पक्षीबाईंचे ते लाडके. मास्तरांनी 'बंद' असा शेरा मारला. दिवसभरात त्यांनी केलेली ही एकमेव निर्दोष नोंद.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बेरीज जुळत नाही. एका माणसाचा फरक.

जन्म-मृत्यू, आलेले-गेलेले यांचा हिशेब केला असता गावात जेवढी माणसे असावयास हवीत, त्याहून घरोघर मोजलेली माणसे एकाने कमी भरतात. फरक लहान असला की तो मोठ्या फरकापेक्षा अधिक छळतो. मोठा फरक कोठे तरी उभा दिसतो. एकाचा फरक सगळीकडे असतो.

वयोगटांचे तक्ते मांडून तो कोठे आहे हे मी शोधून काढले. पुरुष, वय पन्नास ते चोपन्न. म्हणजे या वयाचा एक इसम कागदोपत्री गावात आहे आणि कोणत्याही घरात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्या इसमापायी जीव मेटाकुटीस आला आहे. न्हाव्याने केसांना रंग लावून वय कमी सांगितले होते; त्याला त्याच्या योग्य वयात आणून बसवले, पण त्यामुळे वय सुधारले, माणूस वाढला नाही. सुताराचा भाऊ परगावी असल्याचे कळले; तो कालच परत आला आणि तो आधीच मोजलेला निघाला. मास्तरांना फेरी मारावयास सांगितले तर म्हणतात की साहेब, आता लोक माझ्याकडे पाहून दारे लावून घेतात, त्यांना वाटते मी उधार मागायला येतो.

पक्षीबाईंना माझ्या त्राग्याची गंमत वाटते. त्यांच्याकडेही एक घार कमी आहे म्हणे. त्यांनी रकान्यात 'दिसली नाही' असे लिहिले आणि झोपायला गेल्या.

मला तसे लिहिता येत नाही. झोपही येत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्य कार्यालयातील साहेबांचा तिसरा फोन. साहेब म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचा एक तरुण. त्याचे म्हणणे असे की काका, एका माणसासाठी सगळा अहवाल अडला आहे, बेरीज जुळल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. शोधा, नाही तर बसवा.

बसवा! हा शब्द मी माझ्या हाताखालच्या माणसांना वापरू दिला नसता. पेढीच्या हिशेबात फरक सापडेना की तो उचंत खात्यात टाकतात आणि पुढे सापडला की वळता करतात. येथे उचंत खाते नाही. माणूस कोणत्या तरी घरातच असावा लागतो.

शेवटी संध्याकाळी मी ते केले. चालत्या घरात माणूस वाढवला असता तर त्या घरच्यांनी हरकत घेतली असती. म्हणून गल्लीतील शेवटचे बंद घर निवडले. 'बंद' हा शेरा खोडून तेथे एक इसम लिहिला. संगणक वय मागतो, शिक्षण मागतो, वैवाहिक स्थिती मागतो. रकाना रिकामा ठेवू देत नाही. उद्या कोणी प्रश्न विचारले तर अडखळायला नको, या विचाराने मी मला पाठ असलेली माहिती भरली. पुरुष. वय चोपन्न. वाणिज्य पदवीधर. हिशेब तपासनीस. विवाहित, पत्नी परगावी, लवकरच येणार. एकटा राहतो.

बेरीज जुळली. साहेबाने फोनवर टाळी वाजवली. मला पदवी मिळाल्यापासूनची ही पहिली खोटी नोंद.

५ मार्च, बुधवार

पक्षीबाई आज जिना चढून वर आल्या. एरवी त्या खालूनच हाका मारतात. त्यांची तक्रार माझ्यावर. शेवटच्या घरात कोणी राहायला आले आहे आणि ते मी त्यांना कळवले नाही, म्हणून. मी विचारले की हे आपणास कोणी सांगितले? त्या म्हणाल्या, चिमण्यांनी. दोन जोड्या वळचणीला काड्या नेत आहेत आणि घुबडे माळा सोडून गेली आहेत. कोरड्या पडलेल्या जुन्या गोळ्या तेवढ्या मागे राहिल्या.

माझ्या नोंदीविषयी मी कोणापाशी चकार शब्द काढलेला नाही. ती फक्त संगणकात आहे. चिमण्या संगणक वाचत नाहीत.

मी त्यांना सांगितले की घराला कुलूप आहे. त्या म्हणाल्या, आकडेसाहेब, कुलूप माणसांसाठी असते.

६ मार्च, गुरुवार

भर दुपारी जाऊन पाहून आलो. कुलूप जागेवर, गंजही जागेवर. अंगण झाडलेले. मागच्या बाजूला दोरीवर एक सदरा वाळत होता. पांढरा. खिशावर निळा डाग.

माझे सदरे मोजले. सगळे आहेत. येथे कोणी तरी माझी चेष्टा करीत आहे, आणि तो माणूस मास्तर असल्याचा मला दाट संशय आहे.

१० मार्च, सोमवार

मास्तरांना धारेवर धरले. ते उलट माझ्यावरच चकित. त्यांचे म्हणणे असे की साहेब, सकाळीच तर तुम्ही त्या घराच्या पायरीवर उभे राहून मला 'बरीच म्हातारी'वरून बोललात, कागदावर सही करून दिलीत, आणि आता पुन्हा तेच! त्यांनी कागद दाखवला. सही माझी आहे. मी सकाळी कार्यालयाबाहेर पडलेलो नाही.

वर्तमानपत्र तीन दिवस आले नाही. विक्रेत्याला जाब विचारला असता तो म्हणाला की तुम्हीच पत्ता बदलायला सांगितलात ना, शेवटच्या घरात टाकतो आहे की. बोलताना तो माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. येथील लोकांना समोरच्याकडे पाहून बोलण्याचे वळण नाही.

१३ मार्च, गुरुवार

दोन वेळांचा चहा बंद झाला आहे. आज मी खाली जाऊन विचारले. घरमालकीणबाईंनी बऱ्याच वेळाने मान वर केली, कोणाला तरी ओळखण्याचा प्रयत्न केल्यासारखी, आणि म्हणाल्या की हो हो भाऊ, टाकते. टाकला नाही.

दुपारी त्या एका जोडप्याला खोली दाखवायला घेऊन आल्या. मी टेबलाशी काम करीत बसलेलो. त्यांनी खिडकी उघडली, गादी झटकली, धूळ माझ्या कागदांवर उडाली. जोडप्यातील बाई म्हणाली, खोली छान आहे पण कोंदट वाटते. घरमालकीणबाई म्हणाल्या, बरेच दिवस बंद आहे ना, माणूस वावरला की जाईल वास. मी उठून मोठ्या आवाजात हरकत नोंदवली. तिघेही जिना उतरून गेले.

हे मी शांतपणे लिहीत आहे.

१५ मार्च, शनिवार

चिमण्या गेल्या. सकाळी जाग आली ती शांततेने. वळचणीतील घरटी ओकीबोकी. दोन-चार काड्या खाली पडलेल्या.

टेबलावर, माझ्या वहीजवळ, एक काळपट ओलसर गोळी होती. मी ती चिमट्याने सोडवून पाहिली. लहान कवटी, चार दात. पक्षीबाईंकडे नेली. त्यांनी भिंगातून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाल्या की रानउंदीर. पहिल्या घरातसुद्धा! मग वहीत काही तरी लिहिले. ती गोळी कोणी आणून ठेवली याचा त्यांनी विचारही केला नाही. मी समोरच उभा होतो.

१७ मार्च, सोमवार

सापडला.

ज्या इसमासाठी मी गाव पालथे घातले तो सापडला. प्रभाग कार्यालयातील 'नव्याने आलेले' या सदरात, तीन फेब्रुवारीला, माझ्याच वळणदार अक्षरात. मी आलो, मी स्वतःला आलेल्यांत लिहून घेतले. मोजणीच्या दिवशी मास्तरांनी पेन्सिल रोखली, तेव्हा मीच त्यांना पुढे जायला सांगितले. तो एक मीच होतो. पुरुष, वय चोपन्न.

आणि मग ज्याला कोणत्याही घरात जागा नव्हती त्याला मी स्वतःच्या हाताने जागा दिली. शेवटच्या घरात. शिक्षणासह. बायकोसह.

खोटी म्हणून केलेली नोंद खरी होती. फक्त पत्ता चुकीचा. आता पत्त्याप्रमाणे सगळे जुळत चालले आहे.

१८ मार्च

साहेबाला फोन. पंधरा वेळा. लागला तेव्हा तो म्हणाला की कोण बोलताय, आवाज फार खोल येतोय. मी सांगितले, नोंद रद्द करा. तो म्हणाला की काकांशी माझे आत्ताच बोलणे झाले, सगळे ठीक आहे म्हणाले. अहवाल बंद झाला आहे. आता बदल फक्त फेरतपासणीत. फेरतपासणीसाठी काही घरे निवडली आहेत. त्यांत आमच्या गल्लीचे पहिले घर आहे. सव्वीस तारखेला. प्रत्यक्ष माणूस जागेवर दिसला तर मास्तर लिहितील, आणि तो लिहिला की दुसरीकडचा आपोआप कटेल.

प्रत्यक्ष माणूस जागेवर दिसला तर.

१९ मार्च

हिला फोन करून सांगितले की येऊ नकोस. सव्वीस तारखेपर्यंत मुळीच येऊ नकोस. ती वैतागली. म्हणाली, अहो, काय लावलंय हे? काल तुम्हीच म्हणालात ये म्हणून. मोठं घर मिळालंय, अंगण आहे, पहाटेपासून चिमण्या असतात. मी तिकीटसुद्धा काढलं.

मी सांगितले, काल बोलला तो मी नव्हे. ती हसली. मग म्हणाली, सर्दी झाली का हो? आवाज असा कोणा परक्याचा येतोय.

फोन तुटला. पुन्हा लागत नाही. प्रत्येक वेळी 'हा क्रमांक व्यस्त आहे'. हिचा क्रमांक व्यस्त आहे. कोणाशी —

२१ मार्च

शेवटच्या घराचे दार वाजवले. कुलूप लटकत होते, तरी वाजवले.

आतून विचारणा झाली. त्रासलेला, नेमका आवाज. ज्या क्रमाने मी मास्तरांना विचारायला शिकवले त्याच क्रमाने. आपण कोण? कोणत्या घरातले? कुटुंबप्रमुखाशी नाते काय?

खरे उत्तर एकच होते: याच घरातला. ते मीच लिहिले आहे.

आतला म्हणाला, माहिती अपुरी असेल तर कृपया वेळ घेऊ नका. मी असेच म्हणालो असतो. अगदी असेच.

२३ मार्च

ती आली.

गाडीच्या थांब्यावर मी पहाटेपासून उभा होतो. ती उतरली, निळी पिशवी, गुडघा दुखतो म्हणून एक पाय जपून टाकत. मी हाक मारली. तिने इकडेतिकडे पाहिले. चेहरा उजळला — माझ्या मागे कोणाला तरी पाहून. अहो, इतक्या लवकर कशाला आलात, म्हणाली.

माझ्या अंगावरून गेली. तिच्या केसांचा वास आला.

मी त्यांच्या मागे चालत राहिलो. समोर माझी पाठ. डाव्या खांद्याला झुकलेली. मला ठाऊक नव्हते मी असा चालतो. त्याने पिशवी घेतली होती. मी कधी घेत नसे. तिने काही तरी विनोद केला आणि तो थांबून हसला.

दार उघडेच होते. कुलूप नव्हतेच.

२४

घुबड आता खोलीत. कपाटावर. जोडीने. दिवसा डोळे मिटून असतात. मी हललो तरी उघडत नाहीत.

मास्तरांच्या शाळेत जाऊन उभा राहिलो. परवा या, मी जागेवरच असेन, वर या, जिना चढून या, नुसते खालून विचारून जाऊ नका. मास्तर मुलांना पाढे म्हणायला लावत होते. एकदा माझ्या दिशेने पाहिले. उठून खिडकी लावून घेतली. वारा येतो म्हणाले.

२५

वही दिसते त्यांना. सकाळी घरमालकीणबाईंनी वही उचलून पुन्हा ठेवली. म्हणजे वस्तू दिसतात. पेन दिसते. मी लिहीत राहिलो तर पेन हलताना दिसेल. मास्तर आले की लिहायचे. थांबायचे नाही. हात थांबला नाही तर कोणी तरी विचारेल की लिहितो कोण —

२६

सकाळपासून लिहितो आहे. मी येथे आहे. पुरुष, चोपन्न, पहिले घर, वरचा मजला. मी येथे आहे. पुरुष, चोपन्न

जिन्यावर पावले. मास्तर वर येत आहेत — वर येत आहेत, खालून गेले नाहीत, भले होवो त्यांचे —

चौघे आहेत. मास्तर, घरमालकीणबाई, पक्षीबाई. आणि ही. ही कशाला? घरमालकीणबाई सांगताहेत, आमच्या आकडेसाहेबांच्या मंडळी, घुबड बघायचंय म्हणून आल्या.

मास्तर दारात. पेन्सिल कानावरून काढली. विचारतात, इथे कोणी? घरमालकीणबाई म्हणतात, छे हो, कधीची रिकामी. पक्षीबाई कपाटाकडे बोट दाखवून कुजबुजतात, भाडेकरू आहेत की, ते बघा दोन! सगळे हसतात.

मी लिहितो आहे. मास्तर इकडे पाहा. टेबलाकडे. पेन हलते आहे. मास्तर पेन्सिल टेकवत आहेत — थांबले. मान तिरपी केली. आवाज ऐकू येतो का विचारतात, कागदावर खरखरल्यासारखा. हो मास्तर, हो, मी, मी —

उंदीर असेल, म्हणतात पक्षीबाई.

नाही. मास्तर अजून पाहत आहेत. पेन्सिल अजून कागदावर नाही. ही आत आली. टेबलापर्यंत आली. अगं, मी. माझ्याकडे पाहते आहे — नाही, हाताकडे — पेनाकडे. बोलते आहे घरमालकीणबाईंशी, काल अंगणात किती चिमण्या होत्या ते. बोलणे न थांबवता हात पुढे. टोपण उचलले. नको. लावू नकोस. मास्तर पाहत आहेत, अजून एक ओळ, एकच ओळ, मी येथे आ